गाडीतल्या अँपचा गेन कसा सेट करायचा: आवाज फाटू नये, वूफर जळू नये म्हणून

बेसचा वूफर बदलला, त्याला ताकद देणारा अँप (अँप्लिफायर) बदलला, वायरिंग पण नवीन टाकलं, तरी आवाज वाढवला की फाटतोयच, असं असेल तर अजून काही विकत घ्यायच्या आधी अँपच्या बाजूला असलेला गेनचा छोटा स्क्रू बघा. आपल्या सोलापुरात फिटिंग झाल्यावर गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलतं ते म्हणजे "बेस अजून लई पायजे", आणि मग कोणीतरी बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन तो स्क्रू मॅक्सपर्यंत फिरवून देतं, दोन दिवस भारी वाटतं, डिकी थरथरते, आणि तुळजापूरला जाऊन येईपर्यंत वूफरमधून जळका वास यायला लागतो. वूफर खराब निघाला म्हणून कंपनीला शिव्या बसतात, पण बहुतेक वेळा दोष त्या स्क्रूचा असतो. हे काम घरी, तीन-चारशे रुपयांच्या मल्टीमीटरवर, एका सकाळी होतं. नीट समजून केलं तर तोच वूफर आणि तोच अँप कितीतरी स्वच्छ वाजतो.

आधी गेन करतो काय ते बघू. डेकमधून, म्हणजे डॅशबोर्डातल्या म्युझिक सिस्टिममधून, आरसीए (सिग्नलच्या) वायरने अँपला जो सिग्नल जातो तो कुठल्या डेकचा जास्तीत जास्त २ व्होल्ट असतो, कुठल्याचा ४, चांगल्या डेकचा ५ पण असतो. अँपने आपली पूर्ण ताकद किती व्होल्टच्या सिग्नलला लावायची हे गेन ठरवतो. स्क्रूभोवतीचे आकडे वाचा, बऱ्याच अँपवर एका टोकाला ६ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि मॅक्स हे ०.२ च्या बाजूला असतं. म्हणजे मॅक्सवर ठेवला की फक्त ०.२ व्होल्ट आले तरी अँप फुल्ल. आता तुमचा डेक २ व्होल्ट देतोय, म्हणजे अँपकडे दहापट मागणी झाली, आणि अँपच्या आतल्या सप्लायची हद्द तर ठरलेली आहे, तो त्याच्यापुढे व्होल्टेज काढणार कुठून? मग तो काय करतो, सिग्नलच्या लाटेचा गोल माथा जिथे हद्द येते तिथे सपाट कापून टाकतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

हे नुसतं कानाला वाईट लागतं म्हणून सांगत नाही. गोल लाट आणि त्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट यांच्यात पॉवर दुप्पट असते. म्हणजे ३०० वॉटचा अँप पार क्लिपिंगमध्ये गेला तर वूफरच्या कॉइलमध्ये (आतल्या तारेच्या गुंडाळीत) ६०० वॉटच्या आसपास उष्णता ओतू शकतो. त्यात माथा कापला की लाटेत वरच्या फ्रिक्वेन्सी नव्याने तयार होतात आणि त्या क्रॉसओव्हरमधून (सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधून) सरळ ट्वीटरकडे, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे जातात, म्हणून दरवाजाच्या स्पीकरच्या अँपचा गेन जास्त ठेवून बेस वाढवला की आधी जातो तो बिचारा ट्वीटर. वूफर भाजलाय का ते बघायचं असेल तर दोन्ही हातांची बोटं पसरून वूफरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) सरळ, हळूच आत दाबा. चांगला असेल तर गुळगुळीत आत जाऊन परत येतो, आणि कॉइल भाजून फुगली असेल तर आत कुठेतरी घासल्याची खरखर बोटांना लागते, नाकाला वार्निश जळाल्यासारखा वास येतो. मल्टीमीटर ओहमवर लावून बघा, ४ ओहमचा वूफर साधारण सव्वातीन ते साडेतीनच्या पुढेमागे दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

खरे वॉट किती ते आधी शोधा

गेन सेट करायला दोन आकडे लागतात, आरएमएस वॉट (सलग मिळणारे खरे वॉट) आणि ओहम (वूफरचा रोध). डब्यावर ३००० वॉट, ५००० वॉट असं मोठ्या अक्षरात असतं त्याचा इथे काही उपयोग नाही, मॅन्युअलमध्ये आरएमएस शोधा. मॅन्युअल नसेल तर अँपवरचे फ्यूज बघा, ते बरंच खरं सांगतात. समजा ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, म्हणजे ६० अँपिअर, गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे ८६४ वॉट बॅटरीकडून ओढले जातात, त्यातले क्लास डी प्रकारच्या अँपमध्ये साधारण ८० टक्के बाहेर पडतात, म्हणजे ६९० च्या आसपास. क्लास एबी प्रकारचा असेल तर ५०-६० टक्केच धरा. ही वरची मर्यादा झाली, खरा आकडा याच्या खालीच असतो. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असलेल्या अँपवर २००० वॉट लिहिलं असेल तर काय समजायचं ते तुमचं तुम्ही समजा.

डेकच्या आतल्या अँपचं पण असंच, ५० गुणिले ४ लिहिलेलं असतं, पण १४.४ व्होल्टवर ४ ओहमला गणिताने सुद्धा स्वच्छ २६ वॉटच्या वर जाता येत नाही, प्रत्यक्षात २० च्या आसपास मिळतात. म्हणून नुसत्या डेकवर दरवाजाचे स्पीकर फुल्ल वाजवले की फाटतात.

अँप ५०० वॉटचा आणि वूफर ३०० आरएमएसचा असेल तर हिशोब ३०० वर करायचा, उलटं असेल तर अँपच्या आकड्यावर. दोघांत जो कमी तो. ओहम मात्र नीट बघा, ड्युअल ४ ओहमचा (दोन कॉइलचा) वूफर पॅरलल जोडला की २ होतो आणि सिरीजमध्ये ८.

आता सूत्र. वॉट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ, जे येईल ते व्होल्ट. ३०० वॉट ४ ओहम म्हणजे १२०० चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट. तेच ३०० वॉट २ ओहमला २४.५ व्होल्ट. ५०० वॉट २ ओहमला ३१.६, आणि १००० वॉट १ ओहमला पण ३१.६ च. दरवाजाच्या स्पीकरसाठी ५० वॉट ४ ओहम म्हणजे १४.१ व्होल्ट, ७५ ला १७.३, १०० ला बरोबर २०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, तुमचा आकडा काढा आणि कागदावर लिहून जवळ ठेवा.

टोन स्वतः बनवा

व्होल्ट मोजताना वाजवायला एकसारखा सलग सूर, म्हणजे टोन लागतो. यूट्यूबवर ५० हर्ट्झ टोन शोधून ब्लूटूथवरून लावायचा नाही, कारण वाटेत लेव्हल कुठे किती कमी झाली याचा पत्ता लागत नाही. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात जनरेटमध्ये जाऊन टोन, साइन वेव्ह, ५० हर्ट्झ, आणि अँप्लिट्यूड १ करा, कारण आपोआप तिथे ०.८ आलेलं असतं आणि ते तसंच ठेवलं तर टोन जवळपास २ डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) कमी निघतो, मग तुमचा गेन तेवढाच जास्त लागणार. दोन-तीन मिनिटांची वेव्ह फाइल करून पेनड्राइव्हवर टाका. अशीच एक ४०० हर्ट्झची बनवा, ती दरवाजाच्या अँपसाठी. सगळीकडे १००० हर्ट्झ वापरायला सांगतात, पण स्वस्त मल्टीमीटर एसी व्होल्टेज साधारण ४० ते ४०० हर्ट्झमध्येच धड मोजतो, १००० ला तो कमी दाखवू शकतो आणि तुम्ही गेन उगाच वाढवत बसाल. ट्रू आरएमएस मीटर असेल तर हजारवर केलं तरी चालतंय.

बरेच जण ० डीबीच्या (वर अँप्लिट्यूड १ ने बनवलेल्या पूर्ण पातळीच्या टोनच्या) ऐवजी उणे ५ डीबीचा टोन घेतात, म्हणजे गाण्यात आवाज जरा मोठा मिळतो, जुन्या, हळू रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना ते चालून जातं. पण ५ डीबी म्हणजे पॉवरमध्ये तिपटीहून जास्त फरक, आणि आपल्याकडे वाजतात ती रिमिक्स आणि मिरवणुकीची गाणी आधीच पार वरच्या टोकाला चढवून बनवलेली असतात, त्यात मोकळी जागा शिल्लकच नसते. माझं मत विचाराल तर वूफरला ० डीबीच वापरा.

गाडीत बसल्यावर

सकाळी लवकर करा. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला असतो तेव्हा दुपारी बंद डिकीत अँप नुसता बसूनच तापलेला असतो, थोडं वाजवलं की थर्मल प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे तापून स्वतःहून बंद पडतो, आणि तुम्हाला वाटतं काहीतरी जळालं. गाडी मोकळ्या जागेत लावा, इंजिन चालू ठेवायचंय, आणि बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवून बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू कशासाठी, तर अँपचे वॉट १४.४ व्होल्टवर सांगितलेले असतात, नुसत्या बॅटरीवर साडेबारा मिळतात आणि बऱ्याच अँपची हद्द त्याबरोबर खाली येते.

पहिल्यांदा स्पीकरच्या वायरी अँपमधून काढा, सगळ्या, आणि टोकं एकमेकाला किंवा बॉडीला लागणार नाहीत अशी बाजूला करा. हे टाळू नका, ५० हर्ट्झचा सलग टोन पूर्ण ताकदीने वूफरला दिला तर सेटिंग करता करताच कॉइल जाईल. मग डेकमध्ये इक्वलायझर फ्लॅट, बेस-ट्रेबल शून्य, लाउडनेस बंद, डेकचा सबवूफर लेव्हल शून्यावर. अँपवर बेस बूस्ट शून्य. डॅशबोर्डजवळ बेसचा रिमोट नॉब बसवलेला असेल तर तो फुल्ल करा, कारण आज तो अर्धा ठेवून सेट केलं तर उद्या कोणीतरी फुल्ल करणारच. गेन एकदम कमीला.

वूफरच्या अँपचा लो पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) असेल तेवढा वर न्या, सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) असेल तर एकदम खाली, म्हणजे ५० हर्ट्झचा टोन फिल्टरमध्ये अडकणार नाही.

आता डेकचा व्हॉल्यूम. कुठल्या डेकचा ४० पर्यंत जातो, कुठल्याचा ५०, कुठल्याचा ६२, त्यामुळे आकडा सांगून उपयोग नाही, जास्तीत जास्तच्या ७५ ते ८० टक्के धरा. ५० वाल्या डेकला ३८-४०. त्याच्या वर काही डेक स्वतःच लाट कापायला लागतात, आणि डेकनेच कापलेली लाट अँप फक्त मोठी करून देतो, मग गेन कितीही कमी केला तरी आवाज फाटलेलाच राहणार. हा आकडा लक्षात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, याच्या वर जायचं नाही.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर, २०० ची रेंज. दोन टोकं अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा, ब्रिज केलेला (दोन चॅनल मिळून एक केलेले) असेल तर ब्रिजच्याच दोन टर्मिनलला. टोन चालू, व्हॉल्यूम ठरलेल्या आकड्यावर, आणि आता स्क्रू अगदी सावकाश फिरवा, कारण सुरुवातीला पाव फेरीत ६-७ व्होल्टच होतात आणि मग पुढे एवढंसं हलवलं तरी आकडा १५ वरून थेट २५ वर उडी मारतो. तुमच्या कागदावरचा आकडा ३४.६ असेल तर ३३ च्या आसपास थांबा. थोडं खाली थांबायला सांगतो त्याला कारण आहे, आत्ता वूफर जोडलेला नाही, अँपवर लोड नाही, लोड आला की बॅटरीचं व्होल्टेज थोडं पडतं आणि हद्द खाली सरकते. दीड व्होल्ट कमी ठेवल्याने कानाला काहीही फरक कळत नाही, हिशोब केला तर अर्धा डीबीसुद्धा होत नाही.

फिरवता फिरवता तुमच्या आकड्याच्या आधीच मीटर अडला, स्क्रू फिरतोय पण आकडा पुढे सरकत नाही, असं झालं तर तिथे अँपची हद्द आली, म्हणजे खरे वॉट सांगितल्यापेक्षा कमी आहेत. तिथून मागे या, जिथे स्क्रूबरोबर आकडा स्पष्ट खाली यायला लागतो त्याच्याही जरा मागे.

मल्टीमीटरची मोठी कमतरता हीच आहे की तो लाटेचा आकार दाखवत नाही. ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तमच, हल्ली खिशात मावणारे बॅटरीवाले छोटे स्कोप ऑनलाइन मिळतात. त्याच्यावर बघण्यात वेगळीच मजा आहे, स्क्रू फिरवताना लाट उंच होत जाते, आणि एका क्षणी वरचं टोक दबल्यासारखं होतं, बोटाने कोणी हलकेच चेपल्यासारखं, तिथे लगेच थांबून टोक परत गोल होईपर्यंत मागे यायचं. डेकची स्वच्छ मर्यादा पण आरसीएवर स्कोप लावून अशीच नेमकी सापडते. एकच काळजी, ब्रिज केलेल्या किंवा क्लास डी अँपची निगेटिव्ह टर्मिनल म्हणजे अर्थ (ग्राउंड) असेलच असं नाही, दोन्हीकडे सिग्नल असू शकतो, म्हणून घरच्या लाइटवर चालणारा स्कोप लावू नका, त्याच्या क्लिपमधून शॉर्ट होऊन अँप जाऊ शकतो. बॅटरीवालाच वापरा, आणि तो त्या वेळी गाडीच्या चार्जरला लावलेला नको.

मीटर-स्कोप काहीच नसेल तर कानावर करावं लागतं, तेवढं पक्कं होत नाही पण मॅक्सवर ठेवण्यापेक्षा हजार पटीने बरं. स्पीकर जोडलेले ठेवा, गेन शून्य, ओळखीचं, स्वच्छ रेकॉर्ड केलेलं गाणं लावा, डेक ७५ टक्क्यांवर, आणि गेन वाढवत जा. ढोलकीची थाप कडक न लागता चपटी वाटायला लागली, बेसमध्ये घरघर आली किंवा गाणाऱ्याचा आवाज चरचरायला लागला, की थांबून चांगलं मागे या. सलग टोन लावून हे करू नका.

दरवाजाचा अँप आणि कंपनी फिटिंगचा डेक

चार चॅनलच्या अँपला हेच सगळं, फक्त ४०० हर्ट्झचा टोन आणि कमी व्होल्ट. पुढच्या जोडीला वेगळा गेन, मागच्या जोडीला वेगळा. डावा-उजवा दोन्ही चॅनल मोजा, दोन्हीत फरक जास्त आला तर आधी डेकचा बॅलन्स बघा, मग आरसीएची पिन.

कंपनीतून आलेल्या टचस्क्रीनला आरसीए नसतात, स्पीकरच्या वायरीवरूनच हाय लेव्हल इनपुटने किंवा कन्व्हर्टर लावून सिग्नल घेतला जातो. तिथे डेकचा आतला अँप लवकर क्लिप होतो, म्हणून ७५ टक्के धरू नका, ६० ते ६५ वर सेट करा. शिवाय काही गाड्यांत व्हॉल्यूम वाढला की डेक स्वतःहून बेस कमी करतो, कारण कंपनीला तिचे साधे स्पीकर वाचवायचे असतात. ते कळतं कसं, ५० हर्ट्झच्या टोनवर व्हॉल्यूम वाढवताना मीटरचा आकडा एका जागेनंतर वाढायचाच थांबतो किंवा उलट खाली येतो, आणि ४०० वर मात्र वाढत राहतो. अशा गाडीत गेनने बेस भरून काढायचा प्रयत्न करू नका, डीएसपी (सिग्नल दुरुस्त करणारा डिजिटल प्रोसेसर) लावणं हाच रस्ता.

वायरी परत जोडल्यावर

इंजिन आणि अँप बंद करून स्पीकर जोडा, मग फिल्टर लावा. दरवाजाला हाय पास (खालचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झ, वूफरला लो पास ८० हर्ट्झ, पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली) पेटी असेल तर सबसॉनिक २५ ते ३० च्या दरम्यान. हाय पास लावला की दरवाजाचे छोटे स्पीकर बेसच्या ओझ्यातून सुटतात, आणि जास्त आवाजात सुद्धा शब्द न् शब्द कळतो. पुणे हायवेला ट्रकच्या गर्दीत काच बंद करून गाणी ऐकताना हा फरक खरा कळतो.

बेस बूस्टला हात लावायचा नाही. ३ डीबी वाढवले की त्या फ्रिक्वेन्सीला दुप्पट पॉवर लागते, ६ ला चौपट, १२ ला सोळापट. एवढ्या मेहनतीने सेट केलेला ३३ व्होल्टचा हिशोब तो एक नॉब मोडून टाकतो. डेकच्या इक्वलायझरमधून पण कमी करायचं, वाढवायचं नाही. बूस्ट तुम्हाला हवाच असेल तर तो चालू ठेवून, त्याच फ्रिक्वेन्सीचा टोन लावून गेन पहिल्यापासून सेट करा, गेन कमी निघेल आणि तो तसाच सोडायचा.

मग जोरात गाणं लावून मल्टीमीटर डीसीवर घ्या आणि अँपच्या बारा व्होल्ट आणि ग्राउंड टर्मिनलवर धरा. बॅटरीवर १४ आणि अँपवर ठोक्याबरोबर १२ च्या खाली जात असेल तर वायर बारीक आहे नाहीतर अर्थ नीट बसलेला नाही. बाजारात तांब्याच्या नावावर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर खूप विकली जाते, टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो, तीच घेतली असेल तर एक नंबर जाड घ्यावी लागते. अर्थ छोटा, बॉडीचा रंग खरवडून पत्र्याला बोल्टने घट्ट. मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, हे आवाजासाठी नाही, गाडी पेटू नये म्हणून. इंजिनच्या रेसबरोबर स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो पण बहुतेक अर्थचाच त्रास, आणि गेन जास्त ठेवलेला असेल तर तो अजून मोठा ऐकू येतो.

वूफर आणि दरवाजा यांचा मेळ बसत नसेल, वूफर दबतोय असं वाटलं, तर दरवाजाचा गेन कमी करा. मीटरने सेट केलेला कुठलाही गेन नंतर कानाने फक्त कमीच होऊ शकतो. आणि सगळं कमी करूनही बेस पुरत नसेल तर पेटी तपासा, चुकीच्या मापाच्या किंवा हवा गळणाऱ्या पेटीत भारीतला भारी वूफर पण मिळमिळीत वाजतो. वूफरचे प्लस-मायनस एकदा उलटे करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच बेस समोर येतो.

शेवटी स्क्रूच्या खाचेसमोर मार्करने बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर कोणी फिरवलाय का ते एका नजरेत कळतं. डेक बदलला, वूफरचं वायरिंग ४ ओहमचं २ वर आणलं किंवा नवा अँप आला तर जुन्या रेघेवर विसंबू नका, वायरी काढा आणि कागदावर नवा आकडा मांडून टोन परत लावा.